जुनं घर उतरवतात, नवं फोडतात

पुण्या-मुंबईच्या जुन्या सोसायट्यांमध्ये हल्ली एक गंमत पाहायला मिळते. साठ-सत्तरच्या दशकात बांधलेला फ्लॅट, खाली मूळची मोझॅकची फरशी. घर नव्यानं करायला काढलं की मालक डिझायनरला सांगतात, आम्हाला जरा जुन्या काळचा फील हवा आहे. मग त्या मोझॅकवर चिकटवायचं केमिकल पसरलं जातं आणि वर मोझॅकचं चित्र छापलेली विट्रिफाइड टाइल बसते. खाली संगमरवराची खरी खडी, वर त्या खडीचा फोटो. पॉलिशवाल्याला बोलावून दोन-तीन दिवस मशीन फिरवलं असतं तर मूळ जमीन लख्ख निघाली असती. जमीन वर आली म्हणून सगळी दारं खालून तासावी लागली, तेही टळलं असतं.

हा एकट्यादुकट्याचा हट्ट नाही, आता ती रीतच झाली आहे. हॉलच्या भिंतीला वाड्याचा दरवाजा, दारावरची गणपती कोरलेली गणेशपट्टी टीव्हीच्या डोक्यावर, देवघराला सुरूचे खांब आणि महिरप, छताला लाकडी रंगाच्या पोकळ पीव्हीसी तुळया. मुळात नऊ फुटांची खोली, त्यात फॉल्स सीलिंग, त्याखाली हा खोटा कडीपाट. पंख्याखाली पोराला खांद्यावर घ्यायची सोय उरत नाही. बिल्डरांच्या जाहिरातींतही ‘वाडा’ आला आहे. बाराव्या मजल्यावर.

हौसेला माझा विरोध नाही. सगळीकडे तोच करडा रंग, तोच सोफा आणि तेच लटकते दिवे पाहून माणसाला कंटाळा येणारच, आणि त्या कंटाळ्यातून तो आजीच्या घराकडे वळला तर त्यात काही वाईट नाही. तक्रार वेगळी आहे. जुन्या घरातून आपण नक्षी उचलतो आणि बांधणी तिथेच सोडून येतो. त्या घराचा जवळजवळ प्रत्येक भाग सुटा करता येत होता, एकट्यानं दुरुस्त होत होता आणि एका जागी नको झाला तर दुसरीकडे लागत होता. नव्या घरात आणायचीच असेल तर ही गोष्ट आणायला हवी. ती नसेल तर महिरपीला नाटकाच्या पडद्याइतकीच किंमत.

जुन्या सामानाच्या गोदामात कधी गेलात तर एखाद्या दारापुढे पाच मिनिटं थांबा. नक्षी नंतर बघा. आधी बिजागरी शोधा. बहुतेक ती सापडणारच नाही. फळीच्याच एका कडेला वर आणि खाली खुंट्या ठेवलेल्या असतात. खालची उंबऱ्यातल्या खाचेत फिरते, वरची चौकटीच्या माथ्यात. झिजणारा भाग एवढाच, आणि तो झिजला तर खाचेत नवा तुकडा बसवता येतो. चौकटीचे सांधे बघा. एका लाकडाच्या टोकाला कुसू काढलेलं, दुसऱ्यात त्याच मापाचं भोक, आणि दोन्ही पकडून ठेवायला आरपार एक लाकडी खुंटी. ती खुंटी मागून ठोकून काढली की चौकटीच्या चारही बाजू वेगळ्या होतात, बैलगाडीत किंवा टेम्पोत आडव्या पडतात आणि नव्या गावी पुन्हा चौकट होतात. कुठे कुठे सांध्याशेजारी छिन्नीनं मारलेल्या बारीक खुणाही दिसतात. कोणतं कुसू कोणत्या भोकातलं हे चुकू नये म्हणून सुतारानं त्या मारलेल्या. दार उभं राहायच्या आधीच त्यानं ते जुळवण्या-सोडवण्याचा विचार केलेला असतो.

खांबांचंही तसंच. वाड्याचा सागवानी खांब जमिनीत पुरलेला नसतो, दगडी तळखड्यावर उभा केलेला असतो. त्यामुळे ओल आणि वाळवी लाकडापर्यंत सहजी पोचत नाही. वर तुळईला आधार देणारे लाकडी हात, त्यावर तुळई, तुळईवर कड्या, कड्यांवर फळ्यांची तक्तपोशी. वजन या सांगाड्यावर. दोन खांबांमधलं अंतर म्हणजे एक खण, आणि घर मोजायचं ते खणांनी. कुटुंब वाढलं की खण वाढले. एखादी कडी किडली तर तेवढीच बदलली. सगळं एकमेकांत बसवलेलं, चिकटवलेलं नाही.

म्हणून तर ही दारं आणि हे खांब आज बाजारात आहेत. वाडा उतरवतात. पुण्याच्या राजा केळकर संग्रहालयात मस्तानी महाल पाहिला असेल; संग्रहालय उभारणाऱ्या दिनकर केळकरांनी कोथरूडच्या मूळ वास्तूचे अवशेष आणून तो पुन्हा मांडला. चेन्नईजवळच्या दक्षिणचित्र या संग्रहालयात तर तमिळनाडू आणि केरळातली पाडायला निघालेली घरं सुटी करून आणून पुन्हा उभी केली आहेत. आता कल्पना करा की शंभर वर्षांनी कुणाला आपला टू बीएचके असा जपायचा आहे. काय उतरवणार? ब्रेकर लागेल, स्लॅब फुटेल, टाइलचे तुकडे होतील, लॅमिनेटचे पापुद्रे निघतील. भंगारवाला गज, अ‍ॅल्युमिनियम आणि नळ नेईल. बाकीचा राडारोडा.

जुनं म्हणजे लाकूड आणि नक्षी, हा समजही सोडायला हवा. आपल्या आजोबा-पणजोबांनी मुंबईत जे केलं ते पाहा. 1937 साली इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ आर्किटेक्ट्स या संस्थेनं मुंबईच्या टाउन हॉलमध्ये ‘आयडियल होम’ नावाचं प्रदर्शन भरवलं. आधुनिक स्वयंपाकघर कसं असावं, बैठकीची खोली कशी मांडावी, हे बघायला मध्यमवर्ग लोटला. त्याच सुमाराला मरीन ड्राइव्ह, शिवाजी पार्क, माटुंगा इथे गोलाकार बाल्कन्यांच्या आणि खिडकीवर काँक्रीटच्या भुवया काढलेल्या इमारती उठत होत्या. मरीन ड्राइव्ह आणि ओव्हल मैदानाच्या बाजूचा त्यांचा पट्टा युनेस्कोनं 2018 मध्ये जागतिक वारसा ठरवला. त्या माणसांना जुनं काही परत आणायचं नव्हतं. त्यांना त्यांच्या काळातलं सगळ्यात नवं हवं होतं, फक्त ते नीट केलेलं हवं होतं. आज डिझायनर ज्याला ‘रेट्रो’ म्हणतात ती त्यांची आधुनिकता होती. आणि तीही दुरुस्त होणारी होती.

त्यांच्या जमिनीचंच उदाहरण घ्या. विलायतेहून मिंटन कंपनीच्या भट्टीत भाजलेल्या फरश्या यायच्या. त्यांना स्वदेशी पर्याय म्हणून 1922 मध्ये सिधवा कुटुंबानं भारत फ्लोअरिंग टाइल्स ही कंपनी काढली, उरणला कारखाना घातला. या सिमेंटच्या फरशीला भट्टी लागत नाही. धातूच्या साच्याच्या कप्प्यांत रंगीत सिमेंटचा पातळ लगदा ओतायचा, साचा अलगद उचलायचा, मागून कोरडं मिश्रण भरायचं, दाब द्यायचा आणि मग पाण्यात मुरवायचं. रंग वरवर नसतो, काही मिलिमीटर खोल असतो. म्हणून चाळीस वर्षं पावलं पडली तरी फूल पुसलं जात नाही, आणखी मऊ होतं. ही फरशी काढताना पाहण्यासारखी असते. चुन्यात बसवलेली असेल तर कोपऱ्यातल्या पहिल्या फरशीचा बळी द्यावा लागतो. तेवढी जागा झाली की गवंडी सपाट छिन्नी खालून सरकवतो, हातोडीनं हलके टिचक्या मारतो आणि पुढच्या फरश्या एकेक करत अख्ख्या सुटतात. मागचा चुना खरवडला की दुसऱ्या घरात बसायला तयार. तीच फरशी सिमेंटमध्ये बसवली असेल तर निम्म्या फुटतात. केमिकलनं चिकटवलेली विट्रिफाइड टाइल अख्खी निघाल्याचं मी तरी पाहिलेलं नाही.

आता आपल्याकडे काय येतं ते बघू. पार्टिकल बोर्ड म्हणजे लाकडाचा चुरा आणि गोंद दाबून केलेली फळी. सिंकखालच्या कपाटाला एकदा पाणी लागलं की ती फुगते, आणि फुगलेली फळी वाळून परत मापात येत नाही. एकदा काढलेला स्क्रू त्याच भोकात पुन्हा धरत नाही. म्हणजे घर बदलताना स्वयंपाकघर उतरवून न्यायचं म्हटलं तर नव्या घरी त्याची निम्मी दारं लोंबकळणार. प्लायवूड त्यातल्या त्यात बरं, आणि सिंकखाली तरी आयएस 710 चा शिक्का असलेलं मरीन प्लाय लावा, असं चांगला सुतार आपणहून सांगतो. पण बाहेरच्या चकाकीवर दोन-तीन लाख घालणारी माणसं आत कोणती फळी आहे हे विचारतही नाहीत. आणि त्याच स्वयंपाकघराच्या दारात पितळी घंगाळात झाड ठेवतात.

त्याहून मोठा प्रश्न भिंतींचा आहे. नव्या टॉवरांमध्ये मायव्हान पद्धतीचं बांधकाम सर्रास चालतं. अ‍ॅल्युमिनियमच्या साच्यात भिंती आणि स्लॅब एकदमच काँक्रीटनं ओततात. काम झपाट्यानं होतं, भिंती सरळ येतात, गिलाव्याचा खर्च वाचतो. बिल्डरच्या दृष्टीनं उत्तम. पण त्या भिंतीच वजन पेलतात, म्हणून तिथे कोनाडा कोरता येत नाही, दोन खोल्यांची एक करता येत नाही, दार दोन फूट सरकवता येत नाही. एखादी वायरची नळी आत चेपली तर वायर भिंतीवरून ओढावी लागते. झोपाळ्याची हौस असेल तर कड्यांचे हुक कुठे लावायचे हे स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारावं लागतं, आणि ते विचारायलाच हवं. पितळी कड्या घेताना दुकानदार हे सांगत नाही. वाड्याचा मालक खण वाढवत होता. आपण तीस वर्षांचं कर्ज काढून, ज्यात काहीच बदलता येणार नाही असं घर घेतो आणि त्यावर वाड्याचा मुखवटा चढवतो.

यावर दोन आक्षेप येतात, आणि दोन्हींत तथ्य आहे.

पहिला असा की वाडा मुळात कुणाचा? सागवानी खांबांच्या चौसोपी वाड्यात राहणारी माणसं महाराष्ट्रात मूठभर होती. आणि त्या वाड्यातही माजघराच्या अंधारात, चुलीच्या धुरात, सोवळ्या-ओवळ्याच्या धाकात कोण होतं हे सांगायला नको. आतल्या खोल्यांची दारं बुटकी, वाकून जायचं. आज गोदामातून आणलेलं दार फ्लॅटच्या सात फुटी चौकटीला कमी पडतं आणि वर फळी जोडावी लागते, ती त्यामुळेच. तेव्हा वाडा म्हणजे सुवर्णयुग, असं कुणी म्हणू लागलं तर मी त्याच्या बाजूला नाही. पण हाताशी आलेली वस्तू टिकवून, सांधून, पुन्हा वापरायची सवय वाड्यापुरती नव्हती. दोन खणांच्या मातीच्या घरात ती होती, गिरणगावातल्या दहा बाय बाराच्या खोलीत तर ती जगण्याची अटच होती. चाळीतली मांडणी आठवा. भिंतीवर टांगलेली, उघडी. ताटं उभी, वाट्या उपड्या, कपांना हुक. भांडी वाऱ्यावर वाळायची, झुरळांना लपायला जागा नाही, आणि खोली बदलली की मांडणी उतरवून डोक्यावर घेऊन निघायचं. स्वयंपाकघराच्या सोयींमध्ये मांडणीच्या तोडीचं मॉड्युलरवाल्यांनी काही केलेलं नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. बंद ट्रॉलीत ओली भांडी ठेवून खालची पट्टी गंजवण्यापेक्षा ती केव्हाही बरी. पण तिला कुणी ‘क्लासिक’ म्हणत नाही, कारण ती सरदाराच्या घरातली नव्हती.

दुसरा आक्षेप पैशांचा. जुनं सागवान परवडतं कुणाला? खरं आहे, सगळ्यांना नाही परवडत. शिवाय मागणी वाढली की नक्कलही वाढते. नवं लाकूड घासून, जाळून, डाग पाडून जुनं दाखवायची कला जोधपूरच्या फर्निचर बाजारानं केव्हाच साधली आहे. पण मी सांगतो त्याला सागवान लागत नाही. असलेल्या मोझॅकला पॉलिश करणं नव्या टाइलपेक्षा महाग नाही. शहाबादी किंवा कडाप्पा झाकण्यापेक्षा घासून घेणं स्वस्त. साध्या जंगली लाकडाचं कपाट सांधे नीट घालून केलं तर ते उतरवता येतं. खर्च लाकडापेक्षा मजुरीचा असतो, आणि तिथेच आपली दातखीळ बसते. नक्षीदार जुन्या खांबाला मागेल ती किंमत देणारा माणूस कुसू काढणाऱ्या आजच्या सुताराशी दिवसाच्या मजुरीवरून घासाघीस करतो. मग तो सुतारही रंधा ठेवून देतो आणि लॅमिनेट चिकटवायला लागतो. केरळात वास्तुविशारद लॉरी बेकर यांनी पाडलेल्या घरांची दारं-खिडक्या, अगदी फुटक्या फरश्याही नव्या, स्वस्त घरांत वापरल्या. ते श्रीमंतांचं डिझाइन नव्हतं, काटकसर होती. दिसायलाही ती घरं सुंदर आहेत, हा वरचा नफा.

मग हा जुन्या सामानाचा बाजार वाडे पाडतो का? काही वारसाप्रेमी तसं म्हणतात. पुण्यापुरतं बोलायचं तर मला ते अर्धंच पटतं. पेठांतले वाडे दारांच्या किमतीसाठी पडले नाहीत. 12 जुलै 1961 ला पानशेत धरण फुटलं आणि नदीकाठचे मातीचे वाडे एका दिवसात बसले. उरलेल्यांना कायद्यानं हळूहळू पोखरलं. 1947 च्या भाडे नियंत्रण कायद्यानं भाडी गोठली, आणि 1999 च्या कायद्यात वर्षाला 4 टक्के वाढीची मुभा मिळाली तरी ती त्या गोठलेल्या आकड्यावरच. एवढ्या भाड्यात मालक कौलं शाकारणार की तुळई बदलणार? भाडेकरूला घर आपलं नाही म्हणून तो हात लावत नाही, मालकाला परवडत नाही म्हणून तो लावत नाही. सगळे वाट बघतात ती बिल्डरची. मात्र वारसांच्या भांडणात कुलूप लागलेल्या घराला हा बाजार नक्की मारतो. छप्पर शाबूत असताना दारं-खिडक्या विकल्या जातात, पाऊस आत शिरतो आणि मग धोकादायक म्हणून नोटीस लावणं सोपं होतं. म्हणून जुनं दार घेताना ते कुठल्या गावचं, कुठल्या घरातलं, ते घर पडलंय की अजून उभं आहे, हे विचारा. उत्तर मिळालं नाही तर घेऊ नका. महापालिकांनीही वाडा पाडण्याची परवानगी देताना मापं, छायाचित्रं आणि निघणाऱ्या सामानाची यादी मागावी. 2016 च्या बांधकाम आणि पाडकाम कचऱ्याच्या नियमांनी लाकूड, विटा, काँक्रीट वेगवेगळं काढायला सांगितलं होतंच, त्याला एक कागद जोडायचा आहे.

नियम घराला किती घडवतात ते मुंबईकरांना विचारा. 2012 मध्ये तिथे बाल्कनी एफएसआयमध्ये, म्हणजे प्लॉटवर किती बांधता येईल त्या हिशोबात, मोजायला सुरुवात झाली. हेतू चांगला होता. फुकटच्या बाल्कन्या आणि फ्लॉवरबेड दाखवून बिल्डर त्या खोलीत ओढून विकत होते, त्याला चाप लावायचा होता. पण विकता येणाऱ्या प्रत्येक फुटाचा हिशोब लागल्यावर मध्यम आकाराच्या घरांतून बाल्कनीच गेली. ओसरी, सोपा, पडवी, गॅलरी हा घराचा अर्धा आत-अर्धा बाहेर भाग आपल्याकडे कोणत्याही जातीच्या, ऐपतीच्या घरात असायचा. ऊन-पाऊस तिथे अडायचा, पापड वाळायचे, शेजारीण टेकायची. तो परत आणायचा तर डिझायनर पुरणार नाही. बंदिस्त करायला बंदी घालून ठरावीक मापाची बाल्कनी एफएसआयच्या बाहेर ठेवावी लागेल, आणि बंदीची अंमलबजावणी करावी लागेल. दुसरी अट अवघड आहे, पण म्हणून पहिलीही सोडून द्यायची का?

तोवर एक काम प्रत्येक जुन्या सोसायटीला करता येईल. पुनर्विकासाच्या बैठकांत कॉर्पस म्हणजे बिल्डरकडून मिळणारा निधी, भाडं, वाढीव चटईक्षेत्र यांवर रात्र रात्र चर्चा होते. पाडकामातून निघणारं सामान कुणाचं, हे वाक्य करारात आहे की नाही, ते सहसा कुणी वाचत नाही. बहुतेक वेळा ते पाडकाम कंत्राटदाराकडे जातं. सागवानी चौकटी, खिडक्यांचे गज, पितळी कड्या, आणि मालकानं फॉल्स सीलिंगच्या नादात विसरून गेलेली चुन्यातली फरशी. करारात एक कलम घाला: ज्यांना हवं त्यांनी आपल्या घरातलं सामान इमारत रिकामी करायच्या आधी उतरवून न्यावं, त्याला पंधरा दिवस मिळावेत, आणि उरलेलं सोसायटीनं एकत्र विकावं. नव्या घराची चौकट किती फुटांची येणार आहे तेवढं मात्र बिल्डरकडून आधीच लिहून घ्या.